समुद्रतळ तरुण आहे, म्हणून पृथ्वी फुगते आहे असे होत नाही

गेली काही वर्षे एक चित्रफीत आणि तिच्यासोबतचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. चित्रफितीत पृथ्वीचा गोल हळूहळू आक्रसत जातो. आधी अटलांटिक मिटतो, मग हिंदी महासागर, शेवटी प्रशांत महासागरही, आणि सगळे खंड एका लहानशा गोलावर एकमेकांना चिकटून बसतात. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: महासागरांच्या तळाचा खडक कुठेही 20 कोटी वर्षांपेक्षा जुना नाही, म्हणजे त्याआधी महासागर नव्हतेच, खंड अटलांटिकच्या बाजूने बसतात तसेच प्रशांतच्या बाजूनेही एकमेकांत बसतात, आफ्रिका आणि अंटार्क्टिका यांच्याभोवती नवा तळ घडवणाऱ्या पर्वतरांगांचे कडे आहे, पण तळ गिळणाऱ्या गर्ता (समुद्रतळावरच्या लांबट, अतिखोल दऱ्या) तिथे जवळजवळ नाहीत, तळ पृथ्वीच्या पोटात जातो हे कुणी पाहिलेले नाही, ती हिशेब जुळवण्यासाठी काढलेली पळवाट आहे, तेव्हा आतला तप्त द्रव भेगांतून बाहेर रेटला जातो आहे, पृथ्वी फुगते आहे, आणि शास्त्रज्ञ हे दडपून ठेवत आहेत.

यातले पहिले निरीक्षण जवळजवळ खरे आहे, आणि म्हणूनच हा दावा अनेक विचारी वाचकांनाही पटतो. समुद्रतळ कसा जन्मतो, कसा पालटतो आणि कसा नाहीसा होतो याचा उलगडा ही विसाव्या शतकातील विज्ञानाची फार मोठी कमाई आहे. तिचा पहिला अर्धा भाग उचलायचा आणि दुसरा नाकारायचा, हे मला मनापासून खटकते. म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासतो. क्रम मात्र माझ्या सोयीने लावतो.

दडपून ठेवल्याचा आरोप आधी संपवू. प्रसरण पावणाऱ्या पृथ्वीची कल्पना कुणी लपवलेली नाही. जर्मनीतील ओट हिल्गेनबर्ग यांनी 1933 मध्येच लहान गोलावर खंड जुळवून दाखवले होते. टास्मानियातील भूशास्त्रज्ञ सॅम्युएल वॉरन केरी यांनी खंडवहनाचा, म्हणजे खंड सरकतात या कल्पनेचा, विषय बहुतेकांनी टाकून दिला होता त्या काळात, 1956 मध्ये, होबार्ट येथे त्यावर परिसंवाद भरवला, आणि पुढे आयुष्यभर प्रसरणाची बाजू लावून धरली. मेरी थार्प यांच्यासोबत समुद्रतळाचे नकाशे तयार करणारे ब्रूस हीझन हेसुद्धा काही काळ याच मताचे होते. त्या वेळी ही कल्पना तपासण्याजोगी होती आणि ती तपासली गेली. तपासणीत टिकली नाही म्हणून ती मागे पडली.

आता तळ घडतो कसा ते पाहू, कारण दाव्यातील पहिली चूक इथेच आहे. मजकुरात पृथ्वीचे पोट तप्त द्रवाने भरलेले असून तो दाबाने भेगांतून बाहेर येतो असे चित्र रंगवलेले आहे. प्रत्यक्षात भूकवचाखालचे प्रावरण घन आहे. भूकंपाच्या ज्या आडव्या हलणाऱ्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरपार जातात, यावरून हे कळते. हा घन खडक, पेरिडोटाइट, अतिशय मंदपणे वाहतो. पृथ्वीचा बाहेरचा थर ज्या ताठ, सरकत्या तुकड्यांचा बनला आहे ते भूपट्ट. असे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तेव्हा मोकळी होणारी जागा भरायला खालचे प्रावरण वर चढते. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. कुणी उष्णता पुरवावी लागत नाही, केवळ भार हलका झाल्यामुळे खडक वितळू लागतो. तोही पूर्ण नाही, साधारण दहावा भाग. हा वितळलेला भाग, म्हणजे शिलारस, हलका असल्याने वर गोळा होतो आणि थिजून 6 ते 7 किलोमीटर जाडीचे महासागरी कवच बनते. तळाशी सावकाश थंड होऊन भरड स्फटिकांचा झालेला गॅब्रो, त्याच्यावर पुस्तकांच्या फडताळासारख्या उभ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या, भेगांत थिजलेल्या रसाच्या भित्ती, आणि सर्वांत वर बेसॉल्टचा लाव्हा, अशी त्याची रचना सर्वसाधारणपणे असते.

वरचा थर कसा घडतो हे अगदी जवळून पाहिलेले आहे. सुमारे 2 अंश सेल्सियसच्या पाण्यात लाव्हा बाहेर पडताच त्याचे वरचे साल काचेसारखे थिजते. आतला रस ते साल फाडून पुढे फुगतो, पुन्हा थिजतो, पुन्हा फाटतो, आणि उशांची रास रचल्यासारखे गोलसर दगड एकावर एक साठत जातात. काळी काचेची किनार असलेली ही उशी पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. 2006 मध्ये पूर्व प्रशांत रांगेवर, म्हणजे तळ घडवणाऱ्या समुद्राखालच्या पर्वतरांगेवर, मध्य अमेरिकेच्या पश्चिमेस तळावर ठेवलेली 12 भूकंपमापक यंत्रे परत घ्यायला जहाज गेले, तेव्हा चारच वर आली. मध्यंतरी तिथे उद्रेक झाला होता आणि बाकीच्यांपैकी काही यंत्रे ताज्या लाव्हात अडकून पडली होती. तळ घडताना त्याने संशोधकांची उपकरणेच गाडून टाकली, याहून थेट साक्ष कोणती हवी?

असे घडणे सुमारे 65,000 किलोमीटर लांबीच्या मध्य-महासागरी रांगांवर चालू असते, पण सगळीकडे एका वेगाने नाही. अटलांटिकच्या मध्यात तळ वर्षाला 2 ते 3 सेंटिमीटर रुंदावतो, पूर्व प्रशांत रांगेच्या काही भागांत सुमारे 15 सेंटिमीटर. जिथे वेग फार कमी असतो तिथे पुरेसा रस तयारच होत नाही आणि प्रावरणाचा खडक थेट समुद्रतळावर उघडा पडतो. 2023 मध्ये जॉइडस रिझोल्यूशन या जहाजाने अटलांटिकमधील अटलांटिस मासिफ येथे अशाच ठिकाणी 1,268 मीटर खोलवर छिद्र पाडून प्रावरणाच्या खडकाचे नमुने वर आणले. आतला द्रव दाबाने बाहेर पडू पाहत असता, तर भूपट्ट मंदगतीने सरकतात तिथे रसाचा दुष्काळ पडण्याचे काही कारण नव्हते.

मजकुरातला तरुण तळाचा मुद्दा आता घेऊ. झाडाला लागलेली सगळी पाने याच वर्षीची आहेत, म्हणून झाड याच वर्षी उगवले असे कुणी म्हणत नाही. वय मोजताना जन्माबरोबर मृत्यूचाही हिशेब धरावा लागतो. महासागरी कवच मरते का, याचे उत्तर त्याच्या आयुष्यातच दडलेले आहे. रांगेवर तळ सरासरी अडीच किलोमीटर पाण्याखाली असतो. तिथून दूर सरकताना तो थंड होतो, आकसतो, जड होतो आणि खचत जातो; 10 कोटी वर्षांच्या तळावरचे पाणी साडेपाच किलोमीटरच्या आसपास खोल असते. कवचाखालचे प्रावरणही थंड होऊन त्याला चिकटत जाते आणि सगळा मिळून सुमारे 100 किलोमीटर जाडीचा ताठ पट्ट तयार होतो. त्याच वेळी समुद्राचे पाणी भेगांतून आत शिरते, तापते, खडकातील खनिजे पालटून टाकते आणि त्यांच्यात स्वतः अडकून राहते. 1979 मध्ये ॲल्विन ही पाणबुडी पूर्व प्रशांत रांगेवर काळा धूर ओकणाऱ्या उष्ण झऱ्यांपाशी पोहोचली, तेव्हा तिच्या तापमापकाची प्लास्टिकची दांडी वितळली. नंतर नीट मोजले तेव्हा ते पाणी 350 अंशांच्या घरात निघाले. ही पाण्याची साठवण पुढे महत्त्वाची ठरते. काही कोटी वर्षांत हा पट्ट खालच्या प्रावरणापेक्षा जड होतो, आणि मग तो बुडायला फक्त वाट मिळण्याचा अवकाश असतो. खंडांचे कवच हलके असल्याने ते असे बुडत नाही, म्हणून खंडांवर चारशे कोटी वर्षांचे खडकही सापडतात आणि समुद्रात मात्र बहुधा 18 कोटींच्या पुढे गाडी जात नाही.

बहुधा म्हणालो, कारण पूर्व भूमध्य समुद्रातील हेरोडोटस खोऱ्याचा तळ सुमारे 34 कोटी वर्षे जुना असावा असा अंदाज तिथल्या चुंबकीय मापनांवरून 2016 मध्ये मांडला गेला आहे. पण खरा पुरावा समुद्रात नाही, जमिनीवर आहे. भूपट्टांच्या टकरीत जुन्या समुद्रतळाचे काही तुकडे बुडण्याऐवजी खंडांवर चढून बसले. सायप्रसमधील ट्रूडोस आणि ओमानमधील सेमाइल या डोंगरांत प्रावरण, गॅब्रो, उभ्या भित्ती आणि लाव्हाच्या उशा हा सगळा उतरंडीचा क्रम चालत जाऊन पाहता येतो. ते तुकडे तसे अलीकडचे, सुमारे 9 कोटी वर्षांचे. पण असाच समुद्रतळाचा तुकडा फिनलंडमधील योर्मुआ येथे आहे आणि त्याचे वय सुमारे 195 कोटी वर्षे आहे. जपानमध्ये इनुयामाजवळ किसो नदीच्या काठी लालसर गारगोटीचे पातळ पातळ थर दिसतात. रेडिओलॅरिया या सूक्ष्मजीवांच्या कवचांचा, खंडांपासून फार दूर, खोल समुद्रात अत्यंत सावकाश साठलेला तो चिखल आहे. त्यातले काही थर ट्रायासिक काळातले आहेत, म्हणजे आजच्या प्रशांत महासागराच्या सर्वांत जुन्या तळापेक्षाही जुने. ज्या तळावर तो चिखल साठला, तो तळ आज कुठे आहे? चित्रफीत दाखवते त्याप्रमाणे त्या वेळी खोल महासागर नसतेच, तर हा चिखल साठला कशावर?

यानंतर प्रशांत महासागर. खंड दोन्ही बाजूंनी जुळतात हे ऐकायला मोहक वाटते, पण किनाऱ्यांचे आकार डोळ्यांनी जुळवत बसण्याची आता गरज नाही, कारण समुद्रतळाने स्वतःची जन्मतारीख लिहून ठेवलेली आहे. रांगेवर थंड होणारे बेसॉल्ट त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवते, आणि हे क्षेत्र अधूनमधून उलटते. शेवटचे ते सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी उलटले. म्हणून रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे जोडीजोडीने उमटतात. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी 1963 मध्ये हे मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग रांगेवर घेतलेली मापने होती. त्यांच्याशिवाय कॅनडातील लॉरेन्स मॉर्ली यांनीही हाच विचार स्वतंत्रपणे केला होता. 1968 मध्ये ग्लोमर चॅलेंजर या जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये रांगेपासून वाढत्या अंतरावर छिद्रे पाडली, आणि बेसॉल्टला लागून असलेल्या चिखलातील जीवाश्मांचे वय अंतराच्या प्रमाणात वाढत गेलेले आढळले.

प्रसरणवादी मंडळींनाही हे पट्टे मान्य आहेत. किंबहुना त्यांचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. मग त्याच पट्ट्यांचा पुढचा निष्कर्षही मान्य करावा लागतो. रांगेच्या एका बाजूला जो पट्टा आहे त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूला असलाच पाहिजे. अटलांटिकमध्ये तो आहे. उत्तर प्रशांतमध्ये तो नाही. कॅलिफोर्नियापासून पश्चिमेकडे जपानकडे जाताना तळ जुना होत जातो आणि 10 कोटी वर्षांच्याही पलीकडे पोहोचतो. पण पूर्वेकडचा तेवढाच मोठा जोडीदार भाग गायब आहे, कारण रांग स्वतःच खंडाच्या काठाला येऊन भिडलेली आहे. हजारो किलोमीटर रुंदीचा तळ जन्मला होता याची पावती पश्चिमेकडे शिल्लक आहे आणि माल पूर्वेकडे नाही. भूशास्त्रज्ञ त्या हरवलेल्या पट्टाला फॅरलॉन पट्ट म्हणतात, आणि भूकंपलहरींच्या साहाय्याने पृथ्वीच्या पोटाचे चित्र काढण्याची पद्धत विकसित झाल्यावर तो उत्तर अमेरिकेच्या खाली, दीड-दोन हजार किलोमीटर खोलीपर्यंत, भोवतालच्या प्रावरणापेक्षा थंड आणि लहरींना अधिक वेगाने वाहून नेणाऱ्या प्रचंड फळीच्या रूपात दिसला. जिथे असायला हवा होता तिथेच.

अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. प्रसरण पावणाऱ्या पृथ्वीवर खंडालगतचा तळ सर्वांत जुना आणि महासागराच्या मध्यातला सर्वांत नवा असायला हवा. अल्यूशियन गर्तेकडे उत्तरेला जाताना मात्र तळ तरुण होत जातो. म्हणजे हा तळ ज्या रांगेवर जन्मला ती रांग उत्तरेकडे होती, आणि आज तिथे रांग नाही, गर्ता आहे. पट्ट्यांच्या अखेरीस त्यांची जन्मदात्री रांगच गर्तेत उतरून गेलेली आहे. फुगणाऱ्या गोलावर हे चित्र कसेही फिरवले तरी बसत नाही. शिवाय अंतरेही आता थेट मोजता येतात. दूरच्या आकाशस्थ स्रोतांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपून आणि उपग्रहांच्या मदतीने केलेली मापने दाखवतात की हवाई बेटे आणि जपान दरवर्षी काही सेंटिमीटरांनी एकमेकांच्या जवळ येत आहेत.

अंटार्क्टिका आणि आफ्रिकेभोवतीच्या रांगांच्या कड्याचा मुद्दा त्यामानाने सरळ आहे. त्यामागे एक अध्याहृत समजूत आहे, ती अशी की रांगा जागच्या जागी खिळलेल्या आहेत. त्या तशा नाहीत. दोन पट्टांमधला सांधा म्हणजे रांग. पट्ट सरकले की सांधाही सरकतो. आफ्रिकेच्या दोन्ही बाजूंना तळ वाढतो म्हणून आफ्रिका चिरडली जावी असे नाही, रांगाच आफ्रिकेपासून दूर सरकत आहेत. आफ्रिकेभोवती वाढलेल्या तळाची भरपाई आफ्रिकेच्याच काठावर व्हायला हवी असाही नियम नाही. एकूण क्षेत्रफळाचा मेळ संपूर्ण गोलावर बसावा लागतो, आणि तो प्रशांतच्या भोवती, इंडोनेशियाच्या दक्षिणेला आणि पूर्वी टेथिस समुद्र (आफ्रिका-भारत आणि युरोप-आशिया यांच्यामधला, आता मिटलेला) जिथे होता त्या पट्ट्यात बसतो.

आता फुगण्याचा हिशेब. खंडांचे क्षेत्रफळ, पाण्याखालच्या उथळ कडा धरून, पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे 40 टक्के आहे. खंडांनी पूर्ण झाकलेला गोल हवा असेल तर त्याची त्रिज्या सुमारे 4,000 किलोमीटर येते. आजची 6,371 आहे. ही वाढ 18 कोटी वर्षांत झाली असे धरले, तर त्रिज्या वर्षाला सरासरी 13 मिलिमीटर वाढायला हवी. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या नेतृत्वाखालील गटाने उपग्रह आणि जमिनीवरील केंद्रांची मापने एकत्र करून 2011 मध्ये जो निष्कर्ष दिला, त्यात त्रिज्येतील सरासरी बदल वर्षाला 0.1 मिलिमीटर इतकाच निघाला, आणि तो मापनाच्या अनिश्चिततेच्या आत आहे, म्हणजे वाढ आढळलेली नाही. शंभरपटीहून मोठी तफावत मापनाच्या चुकीत लपत नाही.

4,000 किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे आकारमान आजच्या चौथाईएवढे असते. वस्तुमान तेच ठेवले तर त्याची सरासरी घनता पाण्याच्या 22 पट होते. ही जवळपास ऑस्मियम या अत्यंत जड धातूची घनता झाली, आणि पृथ्वी खडक आणि लोखंडाची आहे. पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण आजच्या अडीच पट झाले असते, आणि नेमक्या त्याच जुरासिक काळात प्रचंड आकाराचे डायनोसॉर जमिनीवर वावरत होते. वस्तुमान वाढत गेले असे म्हणावे, तर दरवर्षी सुमारे 25 लाख कोटी टन पदार्थ कुठून तरी यायला हवा. अवकाशातून पृथ्वीवर पडणारी धूळ वर्षाला काही दहा हजार टनांच्या घरात आहे.

दिवसाच्या लांबीची साक्ष मला या सर्वांत प्रिय आहे, कारण ती एका शिंपल्याने दिलेली आहे. गिरकी घेणारा माणूस हात पसरतो तेव्हा त्याची गती मंदावते. तसेच फुगणाऱ्या गोलाचेही होते. वर काढलेल्या वेगाने पृथ्वी फुगत आली असेल, तर 7 कोटी वर्षांपूर्वी तिची त्रिज्या सुमारे 5,460 किलोमीटर होती आणि, वस्तुमान तेच धरल्यास, दिवस साडेसतरा तासांच्या आसपास, म्हणजे वर्षात सुमारे 500 दिवस. आतल्या आत वाढलेल्या वस्तुमानाने सोबत फिरकी आणली नसेल तर दिवस याहूनही लहान निघतो. आता ओमानमध्ये सापडलेला, सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीचा टोरेइटीस सांचेझी हा शिंपला पाहा. त्याच्या कवचात रोजची वाढ एकेका पातळ पापुद्र्याच्या रूपाने नोंदली गेली आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेझरच्या साहाय्याने हे पापुद्रे मोजले, तेव्हा वर्षाला 372 भरले. म्हणजे दिवस साडेतेवीस तासांचा, आणि चंद्राच्या भरतीओहोटीमुळे पृथ्वीची गती जेवढी मंदावायला हवी तेवढीच ती मंदावलेली. त्याच्याही कितीतरी आधीच्या, डेव्होनियन काळातील प्रवाळांवरच्या रेघा जॉन वेल्स यांनी 1963 मध्ये मोजल्या होत्या आणि वर्षाला 400 च्या आसपास दिवस मिळाले होते. फुगण्यासाठी या हिशेबात जागाच उरत नाही.

शेवटी सर्वांत मोठा मुद्दा: तळ खाली जातो हे कुणी पाहिले आहे का? भूपट्ट दुसऱ्या पट्टाखाली सरकून प्रावरणात जाण्याच्या या क्रियेला सबडक्शन म्हणतात, आणि ती कल्पना रिकाम्या जागी ठिगळ लावण्यासाठी जन्मलेली नाही. जपानमधील कियू वादाती यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस, समुद्रतळ पसरतो हे कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी, शेकडो किलोमीटर खोलीवर होणारे भूकंप दाखवून दिले. पुढे त्यांनी आणि अमेरिकेतील ह्यूगो बेनिऑफ यांनी दाखवले की हे भूकंप गर्तेपासून खंडाकडे तिरप्या उतरत जाणाऱ्या पट्ट्यात होतात. तो पट्टा काही ठिकाणी जवळजवळ 700 किलोमीटर खोल जातो. एवढ्या खोलीवरचा तप्त खडक मऊ असतो, तो असा तडकत नाही. तिथे भूकंप व्हायचा तर थंड, ताठ खडक वरून तिथे पोहोचलेला असायला हवा. 1967 मध्ये जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयझॅक्स यांनी टोंगा परिसरात याची थेट चाचणी केली: त्या तिरप्या पट्ट्यातून वर आलेल्या लहरी ठसठशीत होत्या आणि बाजूच्या प्रावरणातून आलेल्या दबलेल्या. मऊ प्रावरणात सुमारे 100 किलोमीटर जाडीची ताठ फळी खोचलेली आहे, असा त्याचा अर्थ होता.

2011 च्या जपानच्या भूकंपाने तर ही क्रिया मोजपट्टीवर आणली. गर्तेजवळ वरच्या पट्टाचा समुद्रतळ सुमारे 50 मीटर समुद्राच्या दिशेने सरकला. भूकंपापूर्वी आणि नंतर घेतलेल्या तळाच्या मोजणीत हे दिसले. पुढच्याच वर्षी चिक्यू या जहाजाने जवळपास 7 किलोमीटर पाण्यातून नळ खाली सोडून, तळाखाली सुमारे 820 मीटरवर, दोन पट्टांमधला सांधा गाठला. तिथे पाच मीटरपेक्षाही कमी जाडीचा, निसरडा, चिरांनी भरलेला मातकट थर निघाला. त्याच जागी पाडलेल्या छिद्रात ठेवलेले तापमापक 2013 मध्ये वर काढले, तेव्हा घसरणीच्या घर्षणाने निर्माण झालेली उष्णता त्या थरात अजून शिल्लक होती: भोवतालापेक्षा 0.31 अंश अधिक. वरचा पट्ट, खालचा पट्ट आणि मधला अजून कोमट असलेला घसरणीचा थर, हे तिन्ही एकाच जागी भेटले.

गर्ता चिखलाने का भरून गेलेल्या नाहीत, असेही मजकुरात विचारलेले आहे. काही भरल्या आहेतच. बार्बाडोस हे बेट म्हणजे बुडणाऱ्या तळावरून खरवडून साठलेल्या गाळाच्या राशीचा पाण्यावर आलेला माथा आहे. बाकी ठिकाणी बराचसा चिखल पट्टासोबत खालीच जातो, आणि याचा एक फार सुरेख पुरावा ज्वालामुखींनी दिलेला आहे. बेरिलियम-10 हे बेरिलियम या मूलद्रव्याचे किरणोत्सारी रूप वातावरणात वैश्विक किरणांच्या माऱ्याने तयार होते, पावसाबरोबर समुद्रात येते आणि तळाच्या चिखलात बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षांचे, त्यामुळे पृथ्वीच्या खोल पोटात ते मुळात असूच शकत नाही. तरीही मध्य अमेरिका आणि अल्यूशियन येथील गर्तांलगतच्या ज्वालामुखींच्या लाव्हात ते सापडते, आणि हवाईसारख्या, गर्तेपासून दूरच्या ज्वालामुखींत जवळजवळ सापडत नाही. म्हणजे आकाशात जन्मलेला पदार्थ समुद्राच्या चिखलातून सुमारे 100 किलोमीटर खाली गेला आणि पूर्ण विरून जाण्याआधी लाव्हातून परत वर आला. तिथे प्रावरण वितळते तेही मुख्यतः पट्टाने सोबत नेलेल्या पाण्यामुळे. उष्ण झऱ्यांच्या काळात खडकात अडकलेले ते पाणी दाब वाढल्यावर सुटते आणि वरच्या प्रावरणाचा वितळण्याचा बिंदू खाली आणते.

सबडक्शनविषयी सगळे प्रश्न मिटले आहेत असे मी म्हणणार नाही. नव्या जागी ते पहिल्यांदा सुरू कसे होते आणि पृथ्वीच्या इतिहासात ते केव्हापासून चालू आहे, यावर आजही गंभीर मतभेद आहेत. पण ते होते की नाही, हा त्यातला प्रश्न नाही.

कारण खाली जाऊन परत आलेला तळही आपल्याकडे आहे. आल्प्समध्ये झरमाटच्या परिसरात, टेथिस समुद्राच्या एका शाखेच्या तळाचे खडक उंच डोंगरांवर उघडे पडलेले आहेत. त्याच पट्ट्यातील इटलीच्या बाजूच्या लागो दी चिन्याना या तळ्याकाठच्या खडकात, गार्नेटच्या आत कोंडलेले कोएसाइटचे कण सापडले आहेत. कोएसाइट म्हणजे गारगोटीचेच (क्वार्ट्झचेच) दाट रूप, आणि ते तयार व्हायला 90 किलोमीटरच्या आसपास खोलीवरचा दाब लागतो. हे कण ज्या खडकात आहेत तो मुळात समुद्रतळावरचा गाळ होता. आणि झरमाटच्या वरच्या बाजूला, प्फुल्वे या खिंडीजवळ, एक्लोजाइटचे गोलसर दगड एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. एक्लोजाइट हा बेसॉल्ट खोलवर दाबला गेल्यावर होणारा खडक. त्यातली बेसॉल्टची खनिजे जाऊन तांबडे गार्नेट आणि हिरवे पायरॉक्सिन आलेले असते, आणि तो इतका जड असतो की बुडणाऱ्या पट्टाला तोच आणखी खाली ओढतो. प्फुल्वेच्या दगडांत खनिजे पार पालटलेली आहेत, पण आकार राहिला आहे: गोलसर उशी, तिच्याभोवती वेगळ्या रंगाची किनार, आणि खालच्या दोन उशांच्या बेचक्यात नेमकी बसलेली वरची उशी.